नवशिक्यांचं जहाज

त्या माणसाला काहीही दाखवा, तो ते बुडालेलं बघायचा.

शीळ रोडला आम्ही दोघं एसटीची वाट बघत उभे होतो. बऱ्याच वेळाने गाडी आली, माणसं दाराला झोंबली, आणि हा मागे सरून, मान वाकडी करून गाडीकडे बघत राहिला. म्हणाला, "नाखवा, ही पाण्याखाली फार छान बसेल. खिडक्या मोठ्या, छप्पर सपाट, मागून पण बाहेर पडता येतं. नवशिक्याला उत्तम." गाडी निघून गेली. मी त्याला काय बोललो ते इथे लिहिता येणार नाही. तो म्हणाला, "बरोबर आहे तुमचं," आणि समोर उभ्या असलेल्या पाण्याच्या टँकरकडे बघायला लागला. टँकर त्याला पसंत पडला नाही. आत शिरायला एकच भोक.

पुतणीच्या लग्नाला त्याने मला डोंबिवलीला बोलावलेलं. हॉलमध्ये पाय ठेवतोय तोच मला खांबाआड घेऊन सांगतो, "ह्या हॉलला मागचं दार नाही. हा बुडाला तर इथे कुणाला आत नेता येणार नाही." नवऱ्यामुलाकडची एक म्हातारी शेजारीच बसलेली. तिने ते ऐकलं आणि अक्षतांची मूठ तशीच धरून जागा बदलून दाराजवळ जाऊन बसली.

त्याचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर त्याच्या सोसायटीतले लोक जुनी भांडणं उकरून काढतील. मी त्याला साहेब म्हणायचो, तो मला नाखवा म्हणायचा. मी कोलशेतचा कोळी. शाळा म्हणाल तर दुसरीपर्यंत, ती पण धड नाही. पण खाडीच्या तळाची माझ्याइतकी ओळख कुणाची नव्हती असं मी आजही छाती ठोकून सांगतो. तरुणपणी मी डुबीवर होतो. डुबी म्हणजे होडीतून बांबू खाली रोवायचा, तो धरून तळाला जायचं, बालदीत रेती भरायची आणि वर यायचं. हे सगळं डोळे मिटून. खाडीच्या पाण्यात डोळे उघडून उपयोग नाही, गाळ जातो. आम्ही सगळं हाताने बघायचो.

साहेब मोहन्याच्या कारखान्यात मशीनचे नकाशे काढायचा. राहायला डोंबिवलीत, बिल्डिंगच्या वरच्या मजल्यावर. लग्नाच्या आधी तो कामावर लक्षद्वीपला गेलेला, तिथे धक्का बांधत होते. तिथल्या कुणीतरी त्याच्या पाठीवर हवेचं सिलिंडर बांधून, तोंडात नळी देऊन त्याला एकदाच पाण्याखाली नेलेलं. खाली एक जुनं जहाज बुडून बसलेलं. साहेबाने ते बघितलं आणि वर आला. झालं ते एवढंच. पण तो पुरता वर आलाच नाही कधी.

लग्न झाल्यावर बायकोला त्याने ते सांगितलं. तो मला म्हणाला होता, "सगळं सांगितलं तिला, नाखवा. उजेड कसा तिरका येतो, जहाजाच्या स्वयंपाकघरात चुलीशी मासे कसे उभे असतात. तासभर बोललो. ती ऐकून म्हणाली, बरं. आणि कुकर लावायला गेली." त्या 'बरं'चा त्याला राग नव्हता. त्याला वाटायचं, चूक आपली आहे, सांगून कळण्यातली ती गोष्टच नाही. तिला नेऊन दाखवली पाहिजे. आणि वहिनी तर पाण्याला घाबरायच्या. शाळेत भूगोल शिकवायच्या, पोरांकडून नकाशात समुद्र निळा रंगवून घ्यायच्या, पण गणपती विसर्जनाला घाटाच्या पायरीवर उभ्या राहायच्या नाहीत. म्हणून त्याला असं जहाज हवं होतं की जे भित्र्यातल्या भित्र्या माणसाला बघता येईल.

पहिलं जहाज कसं असावं हे तो इतक्यांदा बोलायचा की माझी बायकोसुद्धा भाकऱ्या थापताना म्हणून दाखवायची. जहाज फार खोल नको, वर बघितलं तर सूर्य दिसला पाहिजे. आडवं पडलेलं नको, माणसाचं डोकं फिरतं. सरळ बसलेलं पाहिजे. जाळी गुंतलेली नकोत. खाली चिखल नको, पाय लागला की सगळं गढूळ. पाणी ओढणारं नको. आणि आत शिरलं तर दोन्हीकडून उजेड दिसला पाहिजे. हे शेवटचं सांगताना तो बोट वर करायचा. "जिथून बाहेरचा उजेड दिसत नाही तिथे नवशिक्याने जायचं नाही. मग ते जहाज असो नाहीतर नोकरी."

सोसायटीचं भांडण झालं ते टाकीवरून. डोंबिवलीत तेव्हा नळाला पाणी येणं म्हणजे पाहुणा येण्यासारखं होतं. आणि हा रविवारी दुपारी गच्चीवरच्या टाकीत उतरून, तोंडात नळी धरून, तळाला मांडी घालून बसायचा. सेक्रेटरीने पाणी किती उरलंय बघायला झाकण उघडलं, तर आत साहेब. तो सेक्रेटरी खाली येईपर्यंत बिल्डिंगमध्ये कुणीतरी मेल्याची बातमी पसरलेली. मग मीटिंग. सगळे साहेबावर तुटून पडले. साहेबाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मी आधी आंघोळ करून गेलो होतो." वहिनी त्यानंतर कितीतरी दिवस जिन्यात मान खाली घालून चढायच्या.

माझी त्याची गाठ पडली ती बंदरावर. आमच्यात सकाळी होडीवर निघालेल्या माणसासमोर बुडालेल्या होडीचं नाव घेत नाहीत. आणि हा डोंबिवलीहून सकाळच्या पहिल्या गाडीने येऊन, पँट गुडघ्यापर्यंत वर करून, एकेकाला विचारतोय, "इथे जवळपास बुडालेलं काही आहे का?" माझी आई मासे धूत बसलेली. तिने ते धुवण तसंच त्याच्या अंगावर फेकलं. "मेल्या, सकालचे पारी बुरलेल्या होरीचा नाव घेतंस, तुजे घरान कोन हाय का नाय?"

"आहे," तो म्हणाला. "तिच्यासाठीच विचारतोय."

पुढच्या रविवारी तो परत आला. नारळ घेऊन आलेला. आईच्या पायाशी नारळ ठेवला आणि दुपार होईपर्यंत गप्प बसून राहिला, कुणी होडीवर निघणारं उरलं नाही तेव्हा विचारलं. आईने मला हाक मारली, "याला घेऊन जा रं खय ते. नायतर जावाचा नाय हा."

कोलशेतच्या बाजूला खाडीत एक लोखंडी बार्ज बुडालेला, तो त्याला दाखवायला नेला. भरती संपून पाणी उभं राहिलं तेव्हा बांबू रोवला. मी त्याला सांगितलं, माझ्या मागून सावकाश ये, कान दुखला की थांब. त्याला सर्दी होती, ती त्याने लपवली. लोक मला आजही बोलतात की तू त्याला नेलंस. मी नेलं, पण सर्दी माझी नव्हती. तो घाईने उतरला आणि वर आला तेव्हा कानातून रक्त येत होतं, नाकातोंडात चिखल, आणि हसतोय. "नाखवा, काय सुंदर बसलाय. अगदी सरळ. पण काही म्हणजे काही दिसत नाही हो."

"आम्हाला कधी काय दिसलंय," मी म्हटलं.

तो माझ्याकडे बघतच राहिला. "म्हणजे तुम्ही इतकी वर्षं खाली जाताय आणि तुम्ही काहीच बघितलेलं नाही?" ते त्याने अशा आवाजात विचारलं की जसं काय माझ्या घरात कुणी वारलंय. मला राग आला. मी होडी वल्हवायला लागलो.

डॉक्टरने त्याच्या कानाचा पडदा फाटल्याचं सांगितलं आणि परत पाण्याखाली गेलात तर दुसराही कान गमवाल म्हणून ताकीद दिली. विठ्ठलवाडीला त्याचा एक दोस्त राहायचा, नौदलात पाणबुड्या होता आणि आता रिटायर, आम्ही त्याला फौजी म्हणायचो. सिलिंडर, नळ्या, हवा भरायचं मशीन, सगळं त्याच्याकडे. त्या फौजीनेही सांगितलं, तुला मी आता पाण्यात घेणार नाही, मैत्री गेली तरी चालेल.

मला वाटलं सुटला बिचारा. पण आता तो जास्तच जोरात जहाज शोधायला लागला. ज्याला स्वतःला आता उतरता येणार नव्हतं तो माणूस दुसऱ्याच्या पायाखालची पायरी चाचपून बघत होता. फौजी म्हणाला गोव्याला ने वहिनींना. साहेब म्हणाला, समुद्र हलतो, ती घाबरेल. तिला हलणारं पाणी नको.

मग त्याला खदान सापडली. डोंबिवलीच्या पुढे दगडाच्या खदानी होत्या. एक बंद पडून पाण्याने भरलेली. पाणी असं की टाकलेला पैसा तळाला छापा की काटा ते वरून दिसावं. मालकाने तुमच्या जोखमीवर काय ते करा म्हणून सांगितलं. पाणी मिळालं. आता त्यात जहाज नव्हतं.

मी होडीवर रंधा मारत होतो तिथे येऊन तो बसला. मग म्हणाला, "नाखवा, तुमच्या वडलांची ती होडी चिखलात पडून आहे."

"पडून नाय. ठेवलीय."

"ती मला द्या."

"कशाला?"

त्याने सांगितलं कशाला. मी त्याला हाताला धरून बंदराच्या बाहेर काढला. वर तो मला जाता जाता सांगतो, पुढची झाकलेली जागा आहे ना, जाळी ठेवायची, तिला मागून एक भोक पाडावं लागेल, म्हणजे दोन्हीकडून उजेड येईल. बापाच्या होडीला भोक. आम्ही वर्षभर बोललो नाही. नंतर बोलायला लागलो, पण होडीचं नाव त्याने काढलं नाही.

त्या वर्षात खाडीतले मासे कमी झाले, डुबीचं काम मशीनवाल्यांनी नेलं. माझ्या पोरांना नोकऱ्या लागल्या, ते म्हणाले होडीचं लाकूड चांगलं आहे, बेकरीवाला न्यायला तयार आहे. सागाच्या फळ्या, तेल पिऊन पिऊन काळ्या झालेल्या, भट्टीत चांगल्या पेटतात म्हणे.

आणि एक दिवस वहिनी एकट्याच आल्या. चपला हातात घेऊन चिखलातून चालत होडीपाशी गेल्या आणि काठावर हात टेकून उभ्या राहिल्या. मी मागून गेलो.

"भाऊ, मी ठाण्याच्या तलावात पोहायला शिकतेय," म्हणाल्या. "बायकांच्या बॅचला. सगळ्या मला आजी म्हणतात. अजून मला आवडत नाही पाणी, खरं सांगते. तुम्ही होडी द्या असं म्हणायला नाही आले मी."

"मग?"

"हे रात्रंदिवस जे बोलतात ते आता ह्यांना परत कधी बघायला मिळणार नाही. मुलगी सासरी गेली. आमच्या घरात दुसरं कोण आहे बघायला? मीच ना?" मग म्हणाल्या, "मी त्या वेळी ऐकलंच नव्हतं नीट. कुकरची शिट्टी राहिली होती."

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "पावाचे भट्टीन जलन्यापरीस पान्यान बसलेली बरी." आणि ताटलीत भात वाढला. विषय संपला.

आता पुढे जे झालं त्यावर फौजी मरेपर्यंत हसत होता. आमच्या घरात डागडुजी केल्याशिवाय होडी पाण्याला लावत नाहीत. कुणाची होडी कशीही असो, आमची पाण्यात उतरेल ती नवरीसारखी. मी सगळ्या फटी खरवडल्या, कापूस ठोकला, वर राळ भरली, मोरी माशाचं तेल दोनदा पाजलं. नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, डोळे रंगवले. साहेब दर रविवारी यायचा, फळ्यांवरून हात फिरवायचा, म्हणायचा, "वा, नाखवा." ते भोकसुद्धा मी माझ्या हाताने, झाकलेल्या जागेच्या आतल्या आडव्या फळीत, पाडून दिलं, कडा घासून, म्हणजे वहिनींना खरचटायला नको. आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की आपण काय करतोय.

ट्रकवर होडी चढवून कल्याण रोडने निघालो. लोक दुकानातून बाहेर येऊन बघतायत. चौकात हवालदाराने अडवलं. "कुठे चालली ही?"

साहेब पुढे बसलेला. म्हणाला, "बुडवायला."

"मग खाडी मागे राहिली की."

"खाडीत दिसत नाही," साहेब म्हणाला. हवालदाराने माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं. त्याने जाऊ दिलं.

खदानीवर पूजा झाली, नारळ वाढवला, फुलं वाहिली. होडी पाण्यात लोटली. आम्ही तळाला दगड भरत गेलो, एका लेव्हलने, म्हणजे सरळ बसेल. होडी जराशी खाली गेली आणि थांबली. आणखी दगड भरले. आणखी जराशी गेली आणि थांबली. थेंबभर पाणी आत आलं नाही. बापाच्या वेळेलाही ती इतकी चांगली तरंगली नसेल. फौजी दगडावर बसून हसायला लागला, हसता हसता त्याला ठसका लागला.

"बालदीने पाणी ओता आत," ट्रकवाला म्हणाला.

"माझ्या होडीत कुणी पाणी ओतायचं नाय," मी म्हटलं.

साहेब माझ्याजवळ आला. त्याचा एक कान गेलेला, त्यामुळे तो बोलताना डोकं कलतं करायचा. म्हणाला, "नाखवा, राहू दे तिला वरच. मी तिला ह्यात बसवून फिरवेन. तेही चांगलंच आहे." आणि तो मनापासून बोलत होता, हे मला कळत होतं. इतकी वर्षं ज्याच्यासाठी वेडा म्हणवून घेतलं ते तो माझ्या तोंडाकडे बघून सोडून देत होता.

वहिनी मागे उभ्या होत्या.

मी पटाशी घेतली, पोहत गेलो, होडीत चढलो. दगड बाजूला सारून तळाच्या फटीतला कापूस ओढून काढायला लागलो. मीच ठोकलेला, त्यामुळे निघता निघेना. मग एकदम निघाला. पायाला गार पाणी लागलं. आमच्याकडे होडीत पाणी येतंय म्हटलं की माणूस उपसायला धावतो, हात आपोआप हलतात. मी हात मांडीखाली दाबून बसलो. पाणी कमरेला आलं, छातीला आलं, आणि ती माझ्या खालून निघून गेली. सवयीने माझे डोळे मिटले गेले. उघडले तेव्हा पाण्यावर नुसती फुलं होती.

फौजी खाली जाऊन बघून आला. "सरळ बसलीय रे," त्याने काठाला येता येता ओरडून सांगितलं. साहेबाने दोन्ही हात तोंडावर ठेवले.

ती खदान आता नाही. मोठमोठ्या बिल्डिंगवाल्यांनी भरून टाकली, वर गार्डन आहे, वॉचमन आहे, आत सोडत नाही. होडी तिथेच खाली असेल. साहेब जाऊन बरीच वर्षं झाली, वहिनी मुलीकडे गेल्या. खदान भरायच्या आधी मला कितीतरी जणांनी विचारलं, नाखवा, एकदा उतरून बघितलीस का? एका दमात जाऊन आलो असतो मी. नाही गेलो. दिलेली होडी परत बघायला जात नाहीत, असं मी लोकांना सांगायचो. आता कोलशेतला खाडीकाठी बसतो तेव्हा कधी कधी डोळे मिटतो आणि ती कशी दिसत असेल ते डोळ्यापुढे आणायला बघतो. हाताला सगळी आठवते, फळी न् फळी. डोळ्याला येत नाही.

पण तो वहिनींचा रविवार मला आठवतो.

ऊन स्वच्छ होतं. वहिनी शाळेच्या पी.टी.च्या ड्रेससारखं काहीतरी घालून आलेल्या, केस घट्ट बांधलेले, ओठ पांढरे पडलेले. साहेबाने त्यांच्या पाठीला सिलिंडर बांधलं. प्रत्येक पट्टा ओढून बघायचा, मग परत ओढून बघायचा.

"आवळतंय अहो," वहिनी म्हणाल्या.

"आवळलेलंच बरं. श्वास धरून ठेवायचा नाही. घेत राहायचा, सोडत राहायचा. भीती वाटली तर फौजीचा हात दाब, तो वर आणेल. मी काही म्हणणार नाही. कोणी काही म्हणणार नाही."

"तुम्ही जरा गप्प बसता का?"

तो गप्प बसला. फौजीने त्यांचा हात धरला आणि दोघं पायऱ्यांसारख्या दगडांवरून पाण्यात गेले. डोकं पाण्याखाली गेलं तसं त्या लगेच वर आल्या, खोकल्या, परत गेल्या, परत वर आल्या. मला वाटलं आता नाही जायच्या. साहेब काठावर उकिडवा बसून स्वतःच श्वास घेत आणि सोडत होता, मोठ्याने, त्यांना ऐकू जावा म्हणून. तिसऱ्या वेळेला त्या गेल्या आणि वर आल्या नाहीत. बुडबुडे पुढे सरकले.

बऱ्याच वेळाने दोघं वर आले. फौजीने त्यांना दगडापाशी आणलं. वहिनींनी तोंडातली नळी काढली. साहेब पाण्यात गुडघाभर उतरून उभा होता.

"सरळ आहे ना?" त्याने विचारलं.

त्यांनी मान हलवली.

"उजेड येतो? दोन्हीकडून?"

परत मान हलवली.

"घाबरलीस?"

त्यांच्या चेहऱ्यावरून पाणी गळत होतं, ते कसलं ते मला सांगता येणार नाही. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. हात वर करून काहीतरी दाखवायला गेल्या आणि हात तसाच खाली आणला.

"मला परत जायचंय," त्या म्हणाल्या.

साहेब त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याने त्यांचा खांद्यावरचा पट्टा एकदा ओढून बघितला आणि म्हणाला, "जा."

ह्या वेळेला त्या एकदाच गेल्या. बुडबुडे निघाले आणि साहेब काठाने त्यांच्याबरोबर चालायला लागला. खदानीचा काठ सगळा तुटका दगड, पण तो खाली बघत नव्हता. बुडबुडे जिकडे सरकतील तिकडे हा. मला हाताने बोलवत होता.

"आता नाळेपाशी आहे, नाखवा. डोळे रंगवलेत तुम्ही, तिथे थांबलीय बघा. आता पुढे. आता आत शिरली." बुडबुडे दिसेनासे झाले. त्याने माझा दंड धरला. मग दुसऱ्या बाजूने, भोकाच्या बाजूने, बुडबुड्यांची एक माळ वर आली. "निघाली बाहेर," तो म्हणाला. "उजेड दिसला तिला."

बुडबुडे होडीच्या मधोमध आले आणि एका जागी येत राहिले. इकडे नाहीत की तिकडे नाहीत.

"आता काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. बसलीय," तो म्हणाला. "होडीत बसलीय ती."

आणि मग तोही तिथेच, त्या पाण्यासमोर, दगडावर बसला.